मुळापासून एक बोट

३ मार्च

माझ्या पोरीला, केंड्राला जाऊन परवा वर्ष झालं. चर्चचे पाळक म्हणतात, रोवीना, राग वहीत लिहीत जा, म्हणजे उतरेल. लिहून बघते. उतरायची काही लक्षणं नाहीत.

आयलीन रॅटलिफ सकाळीच माझ्या केस कापायच्या दुकानात आली, सफरचंदाचा थरांचा केक घेऊन. शाळेपासूनची मैत्रीण. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि माझ्याआधी तीच हमसाहमशी रडायला लागली. "रो, माझ्या कोल्बीचं तर तेव्हापासून जेवणात लक्ष नाही गं," म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मनात म्हटलं, लक्ष कसं असेल? माझी पोर गिळून बसलाय ना तो.

कोल्बी तिचा मुलगा. केंड्राचा मित्र म्हणा, होणारा नवरा म्हणा. दोघं बरोबरच त्या दुखण्यावरच्या गोळ्यांच्या नादी लागली आणि गोळ्या मिळेनात तेव्हा पुडीवर आली. शाळेत असताना कोल्बी गोळ्या विकायचा हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. शेवटच्या संध्याकाळी पेट्रोल पंपावर केंड्राबरोबर तोच होता. सकाळी ती गाडीत गार पडलेली सापडली, मांडीवर पुडी. आणखी काय हवं? पण हॉबर्टला पुरावा हवा. हॉबर्ट म्हणजे आमचा शेरीफ, माझ्याच वर्गातला, तेव्हाही गणितात माझी नक्कल करायचा.

तो दुपारी केस कापायला आला. डोक्यावर आता कापण्यासारखं फार उरलेलं नाही, पण येतो.

"रो, गोळ्यांच्या कंपन्यांनी लोकांना व्यसन लावल्याची भरपाई भरलीय ना, तिचा आपल्या काउंटीचा वाटा आलाय. कशावर खर्चायचा ते ठरवायला सात जणांची समिती आहे. एक खुर्ची ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्यासाठी. मी तुझं नाव सुचवलंय."

"मला कशाला तुमच्या मीटिंगा? कॉफी पातळ आणि बोलणं जाड."

"ऐकून तर घे. मला इथे स्वतःची गुन्हे प्रयोगशाळा हवीय. तुझ्या केंड्राच्या गाडीतली पुडी राजधानीच्या प्रयोगशाळेत वर्षभर रांगेत पडून आहे. तिथे सगळ्या राज्याचं ओझं येऊन पडतं. आपलं यंत्र असतं तर एका आठवड्यात कळलं असतं पुडी कोणाची."

माझी कात्री थांबली.

"आणि कळलं की?"

"कळलं की ज्यानं दिली त्याच्यावर खुनाचा गुन्हा लावता येतो. कायदाच आहे."

मी त्याचे पैसे घेतले नाहीत. तो गेल्यावर त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. माझ्या पोरीचा जीव ज्यानं घेतला त्याला मला एकदा या खुर्चीत बसवायचंय, मान मागे करून, आणि डोळ्यांत डोळे घालून विचारायचंय, का? मग पुढचं पुढे.

११ मार्च

पहिली मीटिंग. कोर्टाच्या तळघरात, ओल्या भिंतींचा वास.

पैसे एक आणि तोंडं दोन. हॉबर्टची प्रयोगशाळा, नाहीतर मॉरीन फेल्टनरचा दवाखाना. मॉरीन नर्स आहे. जुन्या चपलांच्या दुकानात व्यसन सोडणाऱ्यांचा दवाखाना चालवते आणि आठवड्यातून दोनदा तुरुंगातल्या पोरांनाही औषध पोचवते. तिला मिळणारं अनुदान जूनमध्ये संपतंय. हे पैसे मिळाले नाहीत तर दाराला कुलूप.

औषध! मला हसूच आलं. जिभेखाली ठेवायची नारिंगी पातळ पट्टी. एक विष सोडायचं आणि त्याच्या चुलतभावाला घरात घ्यायचं. केंड्राही सात-आठ महिने तेच घेत होती. मी तिला म्हणायची, बाई गं, हा काय सुटका झाल्याचा प्रकार? गेल्या वर्षी जानेवारीत, चर्चच्या मंडळीसमोर तिनं व्यसन सुटल्याची साक्ष द्यायची होती त्याच्या आदल्या रविवारी, मी तिच्या पर्समधून ती पाकिटं काढली आणि तिच्या देखत चुलीत घातली. रडली, पण मिठी मारून म्हणाली, "मॉम, आता नाही जाणार दवाखान्यात. तुझी शपथ." पाळली तिनं शपथ. माझी पोर स्वतःच्या पायावर उभी राहिली होती, कसलीही कुबडी न घेता. म्हणून तर मला पक्कं ठाऊक आहे की ती आपणहून त्या वाटेला गेली नाही. कोणीतरी नेली.

मॉरीन आज भाषण ठोकत होती. "औषध एकदम बंद केलं ना, की तो काळ सगळ्यात वाईट. अंगाची सवय गेलेली असते आणि तलफ तशीच असते. माणूस जुन्या मापानं घेतो आणि संपतो. मी अशी किती पोरं पुरली." दुकानदार आपल्या मालाची तारीफच करणार.

मी तोंडातून शब्द काढला नाही. सगळे माझ्याकडे कसे बघतात, गरीब बिचारी आई म्हणून. मॉरीननं माझा हात दाबला. तिला वाटतं मी तिच्या बाजूची. सगळ्यांनाच वाटतं. वाटू दे.

२० मार्च

दुकानातलं केस धुवायचं बेसिन तुंबलं. आयलीननं न विचारता कोल्बीला पाठवून दिलं.

"रो मावशी, बाजूला हो, पाणी उडेल." तो आडवा पडून नळीत हात घालून बसला होता. मी वर उभी. त्याच्या मानेवर उजवीकडे भोवरा आहे, केस तिथे कितीही दाबा, उभेच राहतात. सात वर्षांचा असल्यापासून मी कापतेय. आज त्या मानेकडे बघताना माझे हात शिवशिवत होते. देवा, तूच आवर.

"मावशी," तो खालूनच म्हणाला, "एक विचारू? केंड्राच्या थडग्यावर मी एक छोटा बाक करून ठेवला तर चालेल?"

"का? तुला बसायला जागा कमी पडते?"

त्यानं नळीत हात आणखी आत घातला. बेसिन वाहतं झालं. पैसे घेतले नाहीत त्यानं. दारात थबकून म्हणाला, "मी त्या वेळी तुझ्याकडे आलो होतो. आठवतं ना? जानेवारीत?"

आठवतं की. दारात उभा राहून गयावया करत होता, मावशी, तिला औषध सोडायला लावू नकोस, पाया पडतो. गिऱ्हाईक हातचं चाललं की दलाल असाच कळवळतो. तेव्हा मी तोंडावर दार आपटलं होतं. चूक झाली, दारात त्याची बोटं सापडतील असं आपटायला हवं होतं.

५ एप्रिल

फायर स्टेशनवर रॅम्पचं जेवण. डोंगरातला रानकांदा बेकनच्या चरबीत परतलेला, बटाटे, बीन्स, मक्याची भाकरी. सगळं गाव चार दिवस एकमेकांच्या तोंडाला वास मारणार, म्हणून कोणीच लाजत नाही. आयलीन वाढायला होती. माझ्या ताटात तिनं जास्तीचं बेकन टाकलं.

हॉबर्ट ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला.

"तीन-तीन मतं आहेत रो. तुझं कुठे पडेल?"

"मला काय मिळेल ते सांग."

"म्हणजे?"

"यंत्र आलं की पहिलं काम माझ्या पोरीचं. पहिलं म्हणजे पहिलं. आणि माझ्याकडे आणखी एक वस्तू आहे, तीही तपासायची."

"कसली वस्तू?"

केंड्राचे केस. टिबेट्सच्या अंत्यविधीगृहात गावातल्या सगळ्या मेलेल्यांचे केस मीच करते, आज पंचवीसेक वर्षं झाली. पोरीचे दुसऱ्या कोणाला करू देणार होते का मी? तांबूस, दाट, कमरेपर्यंतचे. धुतले, वाळवले, लहानपणी घालायची तशी वेणी घातली. मानेखालची एक बट अगदी कातडीलगत कापून घेतली, मुळाकडे निळा दोरा बांधला. आमच्या घरात सगळ्यांच्या आहेत अशा, माझ्या आईची, आजीची. टीव्हीवर सांगतात केसांत सगळं उतरतं. उतरू दे. माझी पोर स्वच्छ होती हे कागदावर येऊ दे, म्हणजे त्या कोल्बीला म्हणता येणार नाही की तीच मागत होती.

हॉबर्ट म्हणाला, "जमवतो." आम्ही हात मिळवला. दोघांच्याही हाताला कांद्याचा वास.

१४ एप्रिल

झालं.

मॉरीन म्हणाली, हात वर करून मत घेऊ. हॉबर्ट म्हणाला, छोटं गाव आहे, नंतर तोंडं बघावी लागतात, चिठ्ठ्या टाकू. त्यानं आपली टोपी काढून टेबलावर उलटी ठेवली. सात चिठ्ठ्या पडल्या. चार प्रयोगशाळेला, तीन दवाखान्याला.

मॉरीननं टोपीकडे असं पाहिलं, जणू तिच्यात कोणी थुंकलंय. मग एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. माझ्यापाशी आली तेव्हा मी डोळे पुसत होते. खरे अश्रू होते. आनंदाचे होते, एवढंच.

बाहेर आल्यावर ती माझ्या गळ्यात पडली. "तुम्ही तरी होतात रोवीनाबाई. कोण फुटलं हो? कोण?"

मी म्हटलं, देव जाणे.

१५ एप्रिल

वर्षभरात पहिल्यांदा सकाळी आठला जाग आली.

३० मे

थडगी सजवायचा रविवार. टेकडीवर पोचले तर केंड्राचं थडगं आधीच साफ. गवत कापलेलं, दगड धुतलेला, कागदी फुलं नव्हे तर खरी, बरणीत. आणि बाक! नको म्हटलं तरी केलाच.

कोल्बी खाली झाडाशी उभा होता. मी बरणी उचलली, फुलं त्याच्या दिशेनं भिरकावली. पाहुणे बघत होते. आयलीन धावत आली, "रो, अगं, काय हे? त्याचा काय दोष?"

मी ताबडतोब सावरलं. म्हटलं, मला माफ कर, आजचा दिवसच असा असतो. ती पुन्हा गळ्यात पडली. किती सहज पडतात लोक गळ्यात. तुझा दिवस येतोय आयलीन, थांब.

बाकावर मी बसले नाही. उभी राहून पाय दुखले, पण बसले नाही.

३० जून

मॉरीननं आज दवाखान्याची पाटी उतरवली. दुकानात आली, कधी नव्हे ते केस कापून घेतले. आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "ज्यांच्याकडे गाडी आहे ते डोंगरापलीकडच्या दवाखान्यात जातील. दोन तास जायला, दोन यायला. बाकीचे कुठे जातील? आणि तुरुंगात तर मीच नेऊन देत होते. तिथे आता कोणी नाही."

"तुरुंगात कशाला पाहिजेत लाड?" माझ्या तोंडून गेलं.

तिनं आरशातून नीट पाहिलं मला. मग म्हणाली, "केंड्राचं औषध अचानक कसं बंद झालं हो? मी तिला फोन करत होते. उचलायची नाही."

मी म्हटलं, "गरज नव्हती तिला. सोडलं होतं तिनं सगळं."

जाताना तिनं भरपूर बक्षिशी ठेवली, ती मला का कोण जाणे झोंबली.

१९ ऑगस्ट

प्रयोगशाळा उघडली. जुन्या बँकेच्या इमारतीत, तिजोरीच्या खोलीत यंत्र. फीत कापायला कात्री माझी नेली होती, हॉबर्टची हौस. चालवायला बाहेरून एक तरुण बाई आणलीय, डॉक्टर नादिन व्हॉस. नाकीडोळी नीटस, केस मात्र स्वतःच कापत असावी.

आणि खरा सण दुपारी. कोल्बीला उचललं! राहत्या ट्रेलरची झडती घेतली, काहीतरी नारिंगी सापडलं म्हणतात, आता ते तपासतील. त्याला गाडीत घालताना मी दुकानाच्या दारात मुद्दाम उभी राहिले. त्यानं पाहिलं माझ्याकडे. मी हात हलवला, शाळेच्या बसला हलवतात तसा.

संध्याकाळी आयलीन कोसळत आली. "जामिनाला काही नाही गं माझ्याकडे. ट्रेलर सोडून काय आहे?" मी तिला सूप दिलं, सगळं ऐकलं. ती रडत होती आणि मी मोजून मापून हळहळत होते. एकेक अश्रू मला औषधासारखा लागत होता.

५ सप्टेंबर

आयलीन तुरुंगात भेटून आली. कोल्बी पार गळालाय म्हणे. उलट्या, थंडी, हातपाय झाडतो, झोप नाही. "औषध मागतोय रो. इतके दिवस मी त्याला दर पंधरवड्याला डोंगरापलीकडे घेऊन जात होते. एकदा चुकू दिलं नाही. आणि तिथे कोणी विचारत नाही. म्हणतात, पूर्वी दवाखान्याची बाई आणून द्यायची, आता नाही येत. तू हॉबर्टशी बोल ना. तुझं ऐकतो तो."

"बोलते," म्हटलं.

बोलले नाही. झाडू दे हातपाय. माझी पोर गाडीत गार पडली होती, तिचे हातपाय तर झाडतही नव्हते.

११ सप्टेंबर

बट नादिनकडे दिली. निळ्या दोऱ्याचं टोक तिनं हळूच धरलं. विचारलं, "हे मुळाकडचं?"

"कातडीलगत कापलंय. महिन्याला अर्धा इंच वाढतात, तिचे जरा जास्तच."

तिनं मान डोलावली. म्हणाली, "मग या केसात तिचं तीन-चार वर्षांचं आयुष्य आहे. तुकडे करून वाचता येईल. फक्त एक सांगते रोवीनाबाई, शेवटच्या दिवसाचं यात नसतं. जे घेतलं ते केसातून बाहेर यायला आठवडा लागतो. हे मागचं सांगेल, त्या रात्रीचं नाही."

"मला मागचंच हवंय," मी म्हटलं. "ती कशी होती ते."

७ ऑक्टोबर

आठवड्याचं काम म्हणाला होता, सात आठवड्यांनी हॉबर्टनं बोलावून घेतलं. नादिन होती. सगळं नीट लिहून ठेवते, कारण माझं डोकं ठिकाणावर नाही.

पुडीत फेंटानिल, चिमटीभरात माणूस मारणारं. आतबाहेर फक्त केंड्राच्या बोटांचे ठसे, दुसऱ्या कोणाचे नाहीत. कोल्बीच्या ट्रेलरमध्ये सापडलं ते त्याचं स्वतःचं औषध, पाकिटावर त्याचंच नाव. पंपावरचं चित्रणही पुन्हा नीट पाहिलं, त्यात तो तिचा हात धरून विनवतोय आणि ती झटकून गाडीत बसून निघून जातेय. हॉबर्ट माझ्याकडे न बघता म्हणाला, "धरून ठेवण्यासारखं काही नाही रो. सोडावं लागेल."

मी म्हटलं, यंत्र नवीन आहे, चुकत असेल. नादिन म्हणाली, दोनदा केलंय.

मग केस. तिनं कागदावर केसाचं लांबलचक चित्र काढलं. टोकाकडे सगळी घाण, गोळ्या, पुडी, काय काय. मग एका ठिकाणी ती घाण थांबते. तिथून पुढे फक्त औषध, सरळ, एकसारखं, महिनोन् महिने. "फार क्वचित दिसतं इतकं नेमानं," म्हणाली. "एकदाही चुकलेली नाही. त्या काळात तिनं दुसरं काहीही घेतलेलं नाही."

मी टेबलावर हात आपटला. "बघ हॉबर्ट! सांगत होते की नाही?"

"आणि मुळापासून एक बोट," नादिननं खरोखरच आपलं बोट कागदावर आडवं ठेवलं, "इथे तेही नाही. औषध एकदम थांबलंय. दीड महिना साधारण. या बोटभरात काहीच नाही."

"काहीच नाही ना? अगदी स्वच्छ?"

"स्वच्छ," ती म्हणाली. "तिनं औषध का थांबवलं, तुम्हाला काही माहीत आहे?"

मी छाती पुढे काढून सांगितलं, "स्वतःच्या बळावर! कसल्याच आधाराशिवाय दीड महिना राहिली माझी वाघीण."

नादिननं कागदाची घडी घातली. हॉबर्टनं टोपी उचलली, पुन्हा खाली ठेवली. कोणी अभिनंदन केलं नाही. मला तो कागद घरी लावायचाय असं म्हटलं, तर नादिन म्हणाली, "बाई, आधी घरी जाऊन शांत बसा." एवढीशी पोर, मला सांगतेय.

८ ऑक्टोबर

एक बोट. माझंच बोट मी सकाळपासून बघतेय. जानेवारीचा दुसरा रविवार ते फेब्रुवारी अखेर. बरोबर बसतं.

बसू दे. हॉबर्टनं त्याला सोडलं आज. मोकाट.

१५ ऑक्टोबर

कोल्बी गेला. आयलीनच्या न्हाणीघरात, दाराला आतून कडी. टिबेट्सचा फोन आला, "रोवीना, तू करशील ना? की दुसरीकडून बोलावू?" मी विचारलं, आयलीन काय म्हणते? तो म्हणाला, तिनंच तुझं नाव घेतलं.

मला वाटलं होतं या दिवशी नाचेन मी. दिवसभर दुकान झाडत बसले.

१७ ऑक्टोबर

टिबेट्सकडे सकाळी गेले. तो टेबलावर, पांढरा शर्ट. मी केस धुतले. तुरुंगात कोणीतरी वेडेवाकडे कापले होते, ते सारखे केले. उजवीकडचा भोवरा दाबला. उभाच राहिला.

आयलीन उशापाशी खुर्ची ओढून बसली होती. डोळे कोरडे. रडून झालं होतं तिचं.

"मागची एक बट मला काढून दे रो. केंड्राची घेतलीस तशी. अगदी कातडीलगत."

मी मान उचलून धरली, कात्री लावली. बट हातात आली. तिचं लक्ष माझ्या हाताकडे होतं.

"माहितेय, यात काय असेल?" ती म्हणाली. "वर्षभर औषध. एक दिवस चुकू दिला नाही मी. मुळाशी तेवढं रिकामं. तुरुंगातल्या दिवसांचं. अंगाची सवय गेली, आणि घरी आल्यावर पोरानं जुन्या मापानं घेतलं. मॉरीन सांगत होती आधीपासून. कोणी ऐकलं का?"

मी दोरा शोधत होते. निळाच निघाला.

"तुझ्या केंड्राचंही असंच झालं ना गं? कोल्बी सांगायचा. कोणीतरी तिचं औषध बंद केलं, मग ती गेली. कोणी, ते कधी बोलला नाही. किती विचारलं मी. म्हणायचा, मॉम, त्या माणसाला आधीच खूप झालंय, जाऊ दे."

मेल्या, बोलायचं नाहीस का? त्याला उचलून नेत होते तेव्हा मी हात हलवला होता आणि तरी हा बोलला नाही. मी बटेला दोरा बांधायला गेले. आयलीननं ती माझ्या बोटांसकट मुठीत धरली.

"ऐक. तू समितीवर होतीस. तीन मतं दवाखान्याला पडली, त्यात एक तुझं होतं, मला ठाऊक आहे. प्रयोगशाळेकडचा चौथा कोण होता ते तू शोधून दे. तुला दहा जण येऊन सांगतात दुकानात. मला बाकी काही नको. तो माणूस मला एकदा समोर बसलेला हवाय, मान मागे करून. डोळ्यांत डोळे घालून विचारायचंय, का म्हणून. मग पुढचं पुढे."

शब्द न् शब्द माझे होते. ही वही तिनं वाचलेली नाही, कुलपात असते. आईच्या तोंडात येतंच ते, एवढंच.

"शोधायला नको," मी म्हटलं. "मला नाव माहीत आहे. दोन्हींचं. औषध बंद करणाऱ्याचंही आणि चौथ्या मताचंही. एकच नाव आहे."

ती ताडकन उभी राहिली. "सांग."

"आधी पोराला नीट जाऊ दे. उद्या माती होऊ दे. परवा सकाळी दुकानात ये. त्या माणसाला मी बसवून ठेवते."

ती माझ्या गळ्यात पडली. या वेळी मला तिला धरवेना, हात नुसतेच लोंबत राहिले.

१९ ऑक्टोबर

दुकान उघडलं नाही, पडदा ओढून ठेवलाय. खुर्ची पुसून आरशाकडून दाराकडे वळवलीय, म्हणजे आत येणाऱ्याला तोंड दिसेल. कात्री आज ड्रॉवरमध्ये ठेवली नाही, टेबलावर काढून ठेवलीय, उभ्या माणसाच्या उजव्या हाताला लागेल अशी.

आयलीनची गाडी आली. वही मिटते आणि खुर्चीत जाऊन बसते.